खरा शेरा

शाळाखात्यातले तपासनीस वेणीमाधवराव पटवर्धन खरं लिहिणारा माणूस म्हणून ओळखले जात. मास्तरांनी पढवून ठेवलेलं पान ते मुद्दाम उलटायचे आणि भलताच धडा वाचायला लावायचे. सोलापुरातल्या मास्तरांना त्यांचा धाक होता, आणि त्या धाकाचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता.

सात रस्त्याच्या पलीकडे एका मिशनचं लहानसं चर्च होतं. त्याला लागून पत्र्याच्या खोलीत दुसरीपर्यंतची शाळा भरायची. किरिस्तावांची आणि महारवाड्यातली पोरं तिथं शेजारी शेजारी बसत. बऱ्याच जणांच्या घरी कानडी. शिकवायला एकच बाई, सारजाबाई. त्या मैंदर्गीच्या. लहानपणीच विधवा झाल्या, मिशनच्या आश्रयाला आल्या, चौथीपर्यंत शिकल्या, आणि मडमसाहेबांनी त्यांच्या हाती खडू दिला तो तसाच राहिला.

थंडीच्या दिवसांत वेणीमाधवराव ती शाळा तपासायला गेले. घरात आई सोवळ्याची, म्हणून कुठल्या शाळेला जातोय हे त्यांनी सांगितलं नव्हतं. वर्गात शिरल्या शिरल्या पोरांनी एक गाणं म्हटलं, मोठ्यानं आणि गोड. पण पुस्तक हाती दिल्यावर प्रकार कळला. पान एक उघडलेलं आणि पोरगं दुसराच धडा घडाघडा म्हणतंय. फळ्यावर बाईंनी बेरीज मांडली, तर हातचा घ्यायलाच विसरल्या. गुरम्मा नावाची एक मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन उभी राहिली. तिला एक अक्षर वाचता आलं नाही. मात्र धड्यातली कोल्ह्याची गोष्ट तिनं अर्धी मराठीत, अर्धी कानडीत अशी रंगवून सांगितली की वेणीमाधवरावांना हसू आलं. हसू आलं तरी गोष्ट सांगणं म्हणजे वाचन नव्हे. त्यांनी शेरा लिहिला : वाचन केवळ पाठांतराचं, गणित कच्चं, शिक्षिका शिकवण्यास अपुरी.

निघताना सारजाबाई फाटकापर्यंत आल्या. काय लिहिलं, म्हणून त्यांनी विचारलं. वेणीमाधवरावांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

सारजाबाई म्हणाल्या, "खरं हाय साहेब. मला येतं तेवडं मी शिकिवते. त्याच्या फुडं मलाच येत न्हाय. मग चांगला मास्तर येईल का आता?"

"त्यासाठीच लिहिलंय, बाई," वेणीमाधवराव म्हणाले. आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

मास्तर आला नाही. त्या शेऱ्यावर सरकारी मदत बंद झाली. मिशनला परदेशातून येणारा पैसा आधीच आटत चालला होता. पाद्रीसाहेबांना निमित्तच हवं होतं. त्यांनी शाळेला कुलूप लावलं आणि पोरांना पेठेतल्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायला सांगितलं. वेणीमाधवरावांना हे कळलं तेव्हा बरंच वाटलं. ती शाळा त्यांच्या हद्दीतली सगळ्यांत चांगली. तिथल्या चिंतामणी हेडमास्तरांना ते दरसाल उत्तम शेरा देत.

पुढच्या वर्षी ते तिथं तपासणीला गेले. शाळा झाडूनपुसून लख्ख. कुठलंही पान काढा, मुलं न अडखळता वाचत होती. निमकी-पाऊणकीचे पाढे म्हणा, तोंडपाठ. वेणीमाधवराव खूश झाले. शेरा लिहायला बसल्यावर त्यांनी सहज विचारलं, चर्चच्या शाळेतली मुलं कोणत्या वर्गात आहेत?

आहेत की, हेडमास्तर म्हणाले, सगळी पटावर आहेत. आणि त्यांनी मागच्या खिडकीकडे बोट केलं.

खिडकीच्या पलीकडे पडवी होती. तिथं घरून आणलेल्या गोणपाटावर पोरं बसली होती. आत शिकवलेलं खिडकीतून जेवढं ऐकू येईल तेवढा त्यांचा धडा. पाटी लांबून दाखवायची. मास्तर ती हातात घेत नसत, त्यामुळं त्यावर काय लिहिलंय हे कुणी बघत नव्हतं. वेणीमाधवराव पडवीत गेले आणि एका मुलाला त्यांनी वाचायला सांगितलं. त्यानं मान खाली घातली. ते मागच्या वर्षीचं पाठांतरसुद्धा आता राहिलं नव्हतं. गाणं येतं का, असं विचारल्यावर कुणीच तोंड उघडलं नाही. गुरम्मा त्यांच्यात नव्हती.

"ही परीक्षेला बसत नाहीत का?" त्यांनी हेडमास्तरांना विचारलं.

"बसवली तर निकाल बिघडतो, रावसाहेब," चिंतामणी हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "आणि ही पडवी काही आजची नाही. आपण दरसाल येताय. याच खुर्चीत बसून शिस्त नमुनेदार म्हणून लिहिलंय आपण."

खुर्चीची पाठ त्या खिडकीकडे होती.

संध्याकाळी वेणीमाधवराव सारजाबाईंचा पत्ता काढत गिरणीमागच्या चाळीत गेले. त्या सूतखात्यात कामाला लागल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. त्यांनी साहेबांना आत या म्हटलं नाही. गुरम्माचं विचारल्यावर म्हणाल्या, चार दिवस ती पडवीत बसली. मग आत मास्तर कोल्ह्याची गोष्ट सांगाय लागले तसं हिनं बाहेरून फुडलं सांगितलं. मास्तरांनी छडी फेकून मारली. आता एका विणकराच्या घरी सुताच्या कांड्या भरती.

मग सारजाबाई म्हणाल्या, "तुमी खोटंच वाईट लिवलं असतं तर मी पाद्रीसायबाशी भांडले असते. तुमी खरंच लिवलं. कुणाशी भांडू?"

वेणीमाधवरावांनी पुन्हा लिहितो म्हणून सांगितलं.

"लिवा की," त्या म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.

त्यांनी लिहिलं. पडवी, गोणपाट, परीक्षेतून वगळलेली मुलं, सगळं मांडलं. महिनाभरात कागद वरून परत आला. तपासणी शिकवण्याची असते, बसण्याच्या जागेची नव्हे. पेठेतले पालक नाराज होतील असं काही शेऱ्यात नसावं. नव्यानं लिहून पाठवावं. वेणीमाधवरावांनी तो कागद बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवला. कचेरीतून आठवण आली, मग दुसरी आली. दुसरीत बढतीचा विषय ओझरता काढलेला होता. शेवटी त्यांनी नवा कागद घेतला आणि वर्गाच्या आत जेवढं पाहिलं होतं तेवढंच लिहिलं.

त्यानंतर सात रस्त्यावरून जायचं ते टाळू लागले. उन्हाळ्यात त्यांनी अक्कलकोटच्या बाजूला बदली मागितली, ती मिळालीही. जाताना नव्या तपासनीसाला त्यांनी पडवीचं तेवढं बघा म्हणून सांगितलं. नवा माणूस तरुण होता, उमेदीचा होता. त्यानं खरंच मागं जाऊन पाहिलं, आणि मग त्यांना कळवलं की पडवी स्वच्छ आहे, तिथं कुणीही बसत नाही; महारवाड्यातलं आता पटावरच कुणी नाही.