दीड ग्रॅम जास्त

संग्रहालयातल्या बाटलीमामांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता आणि एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. उभी हयात त्यांनी मेलेली वटवाघळं मोजण्यात आणि स्पिरिटच्या बाटल्यांत ठेवण्यात घालवली, पण एकाही जातीला त्यांचं नाव नव्हतं. कालपरवाची पोरंटोरं आपापल्या नावाच्या पाली नि बेडूक मिरवत हिंडत होती. मामांच्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

त्यात त्या दिवशी दुपारी सूनबाई आली. ती रानात वटवाघळं पकडायची, तपासायची आणि सोडून द्यायची. तिनं टेबलावर इवलीशी कापडी पिशवी ठेवली. आत एक जिवंत वटवाघूळ चुळबुळत होतं.

"बाबा, केळीच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानात ही मादी सापडली. वजन जरा विचित्र येतंय. बघता का?"

मामांनी पिशवीसकट वजन केलं, पिशवीचं वजा केलं. साडेपाच ग्रॅम! ही जात अंगठ्याएवढी. चार ग्रॅमच्या पुढे काटा सरकेल तर शपथ. मामांनी पंखाचं हाड मोजलं. तेही केसभर लांब भरलं, निदान मामांना तरी तसं दिसलं.

"नवी जात आहे गं!" मामा ओरडलेच.

"पोट चाचपलंत का? मला गाभण वाटते."

"या दिवसांत कसली गाभण? माझ्या बाटल्यांत या महिन्यातली एकही गाभण नाही. गोल पोट ही हिची ठेवणच आहे."

"बाटलीतल्यांचं काय घेऊन बसलात, बाबा!"

मामांनी तिकडे सरळ कानाडोळा केला. पहिला नमुना बाटलीत गेल्याशिवाय जातीला नाव मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सूनबाईचं तोंड उतरलं, पण सासऱ्यांची घालमेल तिनं वर्षानुवर्षं पाहिलेली. तिनं पिशवी तिथंच राहू दिली. नशीब, स्पिरिट संपलं होतं आणि नवं सकाळी यायचं होतं. पिशवी खुंटीला टांगून दोघं घरी गेली.

सकाळी मामा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. बाटली भरली, पिशवीत हात घातला, वटवाघूळ उलटं केलं. पोटाला काहीतरी चिकटलं होतं. मामांना आधी जळू वाटली. मग त्या जळूनं तोंड उघडलं. शेंगदाण्याएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं पिल्लू होतं ते.

"झालं! बसलं माझं नाव बोंबलत!"

मामा मटकन खुर्चीत बसले. राग आला, स्वतःची लाज वाटली, हसूही आलं. सूनबाईनं बाटलीला झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी सूनबाई वटवाघूळ सोडायला निघाली तर मामा म्हणाले, "थांब, मीच येतो."

केळीच्या बागेत त्यांनी मायलेकरांना तळहातावर घेतलं. वटवाघूळ बोटाच्या टोकापर्यंत सरपटलं आणि पिल्लासकट उडालं. जीवच तो केवढा. हातावरून काही उतरल्याचं मामांना कळलंसुद्धा नाही. ते हात तसाच पुढे धरून उभे राहिले.

"बाबा, गेली ती."

"गेली?" मामांनी तळहाताकडे पाहिलं आणि त्यांना रडू कोसळलं. "इतक्या वर्षांत माझ्या हातून जिवंत गेलेली ही पहिलीच गं."