छपरावर कोंडलेली नळी

मित्रांनो, भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांच्या रांगेमागे चाकांवरचं एक पांढरं घर उभं आहे. गाडीच्या मागे जोडून न्यायचं. त्याच्या छपरातून वीतभर वर आलेली, उन्हानं पिवळी पडलेली एक नळी दिसते. ती मी. नळी म्हटलं की तुम्हाला पाणी आठवेल. पण सिंकचं पाणी माझ्या वाट्याला कधी आलं नाही. माझ्यातून फक्त हवा जाते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते अंबाडीच्या नाक्यावरचं दुकान. तिथून वज्रेश्वरीच्या राघो प्लंबरनं मला खांद्यावर टाकून आणलं, करवतीनं कापलं आणि सिंकच्या पाइपाला जोडून भिंतीच्या आतून छपरापर्यंत उभं केलं. घर सत्तारभाईंचं. पस्तीस वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवल्यावर त्यांनी कारखाना बंद केला आणि पत्नी हबीबाबींसाठी हे घर बांधून घेतलं. लूमच्या कापसानं हबीबाबींची छाती धरली होती. जिना चढताना त्या तीनदा थांबत. त्यांचं मागणं एकच होतं. वसईकडच्या आपल्या माहेरच्या किनाऱ्यावर आपल्या हातानं मासळी रांधायची, तिथेच भांडी धुवायची आणि पायरीवर बसून भरती बघायची.

सिंकच्या खाली एक वाकडी नळी असते. माझी धाकटी बहीणच म्हणा. तिच्या बाकात ओंजळभर पाणी साठून राहतं आणि तेच पाणी घराखालच्या सांडपाण्याच्या टाकीतला घाण वास अडवून धरतं. सिंकमधलं पाणी खाली धावतं तेव्हा त्याला मागून हवा लागते. ती मी पुरवते. हवा मिळाली नाही, तर धावतं पाणी बहिणीच्या बाकातलं पाणीही ओढून नेतं आणि वासाला वाट मोकळी होते. माझं काम एवढंच. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी नाव घेत नाही. पण पहिल्या दिवशी पाणी सर्रकन उतरलं तेव्हा हबीबाबी हसून म्हणाल्या, “अगो बाय, सिंक हाय का खाडी? ओहोटी बघा कशी लागली!” हे कौतुक मी मनातल्या मनात आपलंच मानलं.

निघायच्या आदल्या दिवशी सत्तारभाई छपरावर चढले. माझ्या तोंडावर त्यांनी तळहात धरला. वाऱ्यानं मी जराशी घुमत होते. मित्रांनो, लूमच्या कारखान्यात वारा वैरी. वाऱ्यानं सूत सुकतं आणि तटकन तुटतं. तिथे फट दिसली की हात आपसूक चिंधीकडे जातो. “ट्रकांची सगळी धूळ हितनंच आत यायची,” ते पुटपुटले. “हबीबाला खोकला लागंल.” त्यांनी सुताचा बोळा वळला, त्याला गाठ मारली आणि माझ्या तोंडात ठोसला. अगदी मायेनं ठोसला.

मी खोलीत उघडत नाही हो, मी भिंतीतून थेट खालच्या पाइपात उतरते, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण नळीला तोंड असतं, वाचा नसते.

दुसऱ्या दिवशी अंबाडीला हबीबाबींनी बांगडे घेतले आणि सिंकमध्ये धुतले. पाणी उतरेना. गुड, गुड, गुड करत थांबलं, मग एकदम ओढल्यासारखं गेलं. वज्रेश्वरी येईपर्यंत वासानं घरात उभं राहवेना. हबीबाबी खोकत खोकत खाली उतरल्या आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या.

“माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “मासळीचं पानी सिंकात कशाला सोडायचं! माफ करा हां.”

“मंग सोडलंस कशाला?” सत्तारभाई म्हणाले आणि त्यांनी गाडी मागे वळवली.

पुढे त्यांनी काय नाही केलं! खालचे पाइप बदलले, टाकी धुतली, बाटल्या भरभरून फिनेल ओतलं. ओतलं की तासभर बरं वाटे, मग पुन्हा तेच. सगळे खाली वाकून बघत. मान वर कुणी केलीच नाही. सून हफसा थट्टेनं म्हणाली, “अम्मी, ह्ये घर चाकांवर हाय का गटारावर?” सगळे हसले. हबीबाबींनी मात्र मासळी बंद केली. मग भांडी बाहेर बादलीत धुवू लागल्या. प्रत्येक वेळी, “माफ करा हां.” पुढे हबीबाबी चाकांवरच्या घरात यायच्याच बंद झाल्या. मी वर कोंडलेली, त्या तिकडे राहत्या घरात कोंडलेल्या.

वर्षभरानं हफसानं राघोला बोलावलं. त्यानं सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, कान दिला आणि सरळ छपरावर चढला.

“सत्तारभाय, ह्ये बघा! ह्यो कोनी ठोसला?” तो वरून ओरडला. “पानी पन दम घेतंय. नाक दाबून तुमी तरी घटाघटा पिऊन दाखवा!”

राघो हसत होता. सत्तारभाईंनी बोळा हातात घेतला. गाठ त्यांचीच होती.

संध्याकाळी हफसा हबीबाबींना हाताला धरून पायरीपर्यंत घेऊन आली.

“हबीबा, तुझ्या मासळीचा वास न्हवता,” सत्तारभाई खाली बघत म्हणाले. “बोळा मीच घातला व्हता.”

हबीबाबी दम घेत पायरीवर टेकल्या.

“वासाचं जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मी किती येळा माफी मागितली! एकदा तरी म्हनायचं व्हतंत, तुझा काय गुन्हा न्हाय म्हनून.”

“शुक्रवारी निघू,” सत्तारभाई म्हणाले. “नमाज झाली की लगेच.”

“निघू. फिनेलची बाटली तेवढी घरीच ठेवा.”

बुधवारी सकाळी हबीबाबी गेल्या.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर सत्तारभाई घरासकट मला घेऊन एकटेच त्या किनाऱ्यावर गेले. त्यांनी बांगडे धुतले. पाणी सर्रकन उतरलं. मी समुद्राचा वारा भरभरून खाली पाठवत राहिले. भरती आली, पायरी रिकामीच होती. रांधायचं त्यांच्या हातून झालं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या नळीच्या तोंडावर जाळी बसवा, बोळा घालू नका. काही बिघडलं तर ज्याच्या हातात भांडं असेल त्याच्यावर आधी बोट ठेवू नका. आणि कुणी गुन्हा नसताना माफी मागत असेल, तर त्याला तिथल्या तिथं सांगा. शुक्रवारपर्यंत थांबू नका.