डाव्या खांद्यामागचा आवाज

हजेरीपटावर नाव काहीही असो, विभागात तिला सगळे धांदल म्हणत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि तिचा दिवस म्हणजे नुसती पळापळ. सकाळी आधी प्रयोगशाळा, कारण मातीतून वेगळे काढलेले जिवाणू प्लेट्सवर कितपत वाढलेत हे बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. मग लेक्चर, मग धाकट्या वर्गाचं प्रॅक्टिकल, मग काचसामान निर्जंतुक करायला लावायचं आणि ते होईपर्यंत उभ्या उभ्याच डबा संपवायचा. तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणायच्या की हिचे जिवाणू हिच्यापेक्षा शांत स्वभावाचे आहेत.

छंदांचीही तीच गत. बॅडमिंटन होतं, खिडकीत निवडुंगाच्या कुंड्या होत्या, आणि एका बाहीवर अडकलेला स्वेटर होता. आईचं मत असं की पोरगी सुरुवात दणक्यात करते, शेवट मात्र दुसऱ्या कुणाला तरी करावा लागतो. तिच्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण संख्याशास्त्र शिकत होती. तिनेच एकदा सुचवलं की तासभर तरी एका जागी बसावं लागेल असं काहीतरी कर. म्हणून धांदलने गाण्याच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर भरायचा. लांबट खोली, दोन रांगांत लाकडी खुर्च्या, आणि समोर कीबोर्डवर गाण्याच्या बाई. नोकऱ्या सांभाळून येणारी दहाबारा माणसं मिळून समूहगान शिकत. धांदल पहिल्याच दिवशी उशिरा पोचली. मागच्या रांगेत भिंतीकडेची, अगदी डावीकडची खुर्ची तेवढी रिकामी होती. ती बसली तशी शेजारच्या काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी कीबोर्डवर सूर धरला.

गाणं सुरू झालं आणि धांदलला डाव्या खांद्यामागून एका बाईचा आवाज ऐकू आला. भरदार, स्वच्छ, तिच्यापेक्षा किंचित पुढे जाणारा. त्याच्या मागोमाग गेलं की सूर आपोआप जागेवर पडत. कोण इतकं छान गातंय म्हणून तिने वळून पाहिलं. डावीकडे भिंत होती. भिंतीला रंगाचे पोपडे आणि एक बंद पडलेलं घड्याळ, बाकी काही नाही. खोलीच असेल घुमणारी, असं तिने मनाशी म्हटलं आणि गात राहिली. वर्ग सुटल्यावर काकूंनी तिचं कौतुक केलं, पण करताना त्या तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या.

पुढचे काही आठवडे बरे गेले. गाण्याला जायचं म्हणून धांदल कामं वेळेत उरकायला लागली. बॅडमिंटन मागे पडलं, स्वेटर पिशवीत गेला. जन्मात पहिल्यांदा तिला एखादी गोष्ट न धडपडता जमत होती.

एका रविवारी दुपारी ती अंघोळ करून बाहेर आली तर मैत्रीण पुस्तक मिटून दाराकडे बघत बसली होती.

"आत कोण होतं?" तिने विचारलं.

"कोण असणार? मीच गात होते."

"तू गात होतीस ते ऐकलं मी. दुसरी कोण होती?"

धांदलने थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला, पण मैत्रीण हसली नाही. ती आकड्यांची मुलगी. एक आणि दोन यांत तिची गफलत होत नसे. तिने उठून न्हाणीघरात डोकावून पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर आवाज वर्गाबाहेरही यायला लागला. जिना चढताना धांदल गुणगुणली की तो साथीला येई. सुरुवातीला तिला त्याची सोबतच वाटली. मग एका सकाळी ती प्रयोगशाळेच्या शीतखोलीत नमुने काढत होती. हात गारठलेले, तोंड मफलरमध्ये, गाणं तिच्या डोक्यातही नव्हतं. आणि खांद्यामागून आवाज आपणहून सुरू झाला. गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं. तिच्या हातातली पिपेट तशीच राहिली. तेवढ्यात तिला जाणवलं की मफलरच्या आत तिचे ओठ हलताहेत आणि तिला ठाऊक नसलेले शब्द बरोबर उच्चारताहेत.

ती तडक बाईंच्या घरी गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आश्चर्य मात्र दाखवलं नाही. बाई म्हणाल्या की ती खुर्ची एका मुलीची होती. तीही धांदलच्याच विभागातली, तशीच कामाच्या रगाड्यातून धावतपळत यायची. फार गोड गळा. एका संध्याकाळी तिने गायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. ती शिक्षण पुरं करून दुसऱ्या गावी मातीपरीक्षण केंद्रात नोकरीला लागली. तिने वर्ग सोडला, पण पुढच्या वर्गाला तिचा आवाज खुर्चीपाशी होताच. पुढे तोही थांबला, कारण तिथे कुणी बसेना.

"मग मला का बसू दिलंत?" धांदलने विचारलं.

बाईंनी पदराची घडी घातली आणि मोडली. "मला वाटलं, तू दोन दिवसांत सोडून जाशील," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मला तो पुन्हा ऐकायचा होता."

बाईंकडून पत्ता घेऊन, सुट्टी बघून धांदल बसने त्या गावी गेली. केंद्राच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. दार उघडणारी बाई तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, नखांत माती, नीट विंचरलेले केस. ती कुजबुजतच बोलायची. तेवढंच तिच्या घशातून निघत होतं. धांदल तिला ताई म्हणाली आणि कुठल्या वर्गातून आलेय ते सांगितलं. ताईने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि कुजबुजत विचारलं, "अजून दुसऱ्या ओळीला घाई करतो का?"

धांदलने होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, का ते तिचं तिलाच समजेना.

"गा," ताई म्हणाली.

धांदल गायली. खांद्यामागून आवाज आला, नेहमीसारखा, दुसऱ्या ओळीला घाई करत. ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. ओळीच्या मध्येच धांदल मुद्दाम थांबली. आवाज थांबला नाही. तो भरदुपारी त्या खोलीत, सतरंजी, कपाट आणि वाळत घातलेल्या मातीच्या ट्रेंच्या मधोमध एकटाच गात राहिला, आणि ताईचे ओठ त्याच्याबरोबर हलायला लागले. धांदलने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बाहेर पडली. फाटकापर्यंत ते गाणं ऐकू येत होतं. परतीच्या बसमध्ये ती हलकी होऊन झोपली.

प्रबंधाचं सबमिशन तोंडावर आलं होतं. आलेख, तक्ते, मॅडमनी लाल केलेली पानं यांत दिवस कधी उगवायचा आणि मावळायचा ते कळत नव्हतं. गाण्याच्या वर्गाला ती मध्ये एकदाच गेली आणि पुढच्या रांगेत बसली. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. घसा बसला असेल म्हणून ती गरम पाणी पीत राहिली. मग बोलणंही विरायला लागलं. वाक्याची शेवटची शेवटची अक्षरं गळून पडत. सेमिनारमध्ये मॅडमनी तिला तीनदा मोठ्याने बोलायला सांगितलं आणि शेवटी माईक दिला. माईकमधूनही तिचा श्वासच ऐकू आला.

त्याच दुपारी फोन आला. पलीकडे भरदार, स्वच्छ आवाज होता. तो आपल्याशी सरळ बोलतोय हे कळायला तिला एक क्षण लागला.

"मी ताई बोलतेय," आवाज म्हणाला. "माझं मला मिळालं. पण तुझं इथे राहिलंय. मी थोडे दिवस वाट पाहिली. आधी नुसतं गुणगुणायचं, आता बोलतं. आज सकाळी मला विचारलं, प्लेट्स बघितल्या का?"

धांदलने "येते" म्हटलं, पण ते पलीकडे पोचलं नाही. तिने प्लेट्स इनक्युबेटरमध्ये तशाच सोडल्या, मैत्रिणीला निरोप पाठवला आणि मिळेल ती बस पकडली.

केंद्रामागच्या खोलीशी तिने बेल वाजवली. आतून उत्तर आलं, "आले हं."

तो तिचाच आवाज होता, पण एवढ्या सावकाश ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

दार ताईने उघडलं. ती बाजूला झाली आणि तिने सतरंजीकडे बोट केलं. सतरंजीवर कुणी नव्हतं. धांदल तिथे जाऊन बसली. काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा ती बसूनच राहिली. आवाज कधी कपाटापाशी, कधी खिडकीशी हळू हळू बोलत होता. निवडुंगांना पाणी कमी घालायला हवं, बाहीचे टाके उसवून पुन्हा घ्यायला हवेत, असलं काहीबाही. त्याला कसली गडबड नव्हती. धांदल ऐकत होती. उन्हं उतरली, ताईने दिवा लावला, आणि केव्हातरी आवाज अगदी जवळ, मग कानाशी, मग घशाशी आला. धांदलला खोकला आला. खोकला मोठ्याने वाजला.

"झालं वाटतं," ताई म्हणाली. तिने सुटकेचा श्वास सोडला, पण दारापर्यंत सोडायला आली तेव्हा जरा लांबूनच चालत होती.

बसस्टँडवर आईचा फोन आला. मैत्रिणीने तिला काहीतरी सांगितलं असावं. आईने एका दमात विचारलं की तुझा घसा बसलाय म्हणे, कुठे आहेस, खाल्लंस का काही, एवढी धावपळ कशाला करतेस.

धांदलला सगळं सांगून टाकायचं होतं. आई, मला भीती वाटतेय, मला न्यायला ये, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"काही नाही गं आई," तिचा आवाज तिच्या आधीच म्हणाला. "आता मी अगदी निवांत आहे."

आईला फार बरं वाटलं. ती बराच वेळ बोलत राहिली आणि आवाज तिला छान उत्तरं देत राहिला. बस लागली तशी धांदल फोन कानाला धरून आत चढली, मागच्या बाकावर डावीकडे बसली आणि दोघींचं बोलणं संपायची वाट बघत राहिली.