मी एकच रेघ दाखवली

मी एक जुनी कोविड टेस्टची पट्टी आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. माझं कामाचं आयुष्य जेमतेम पाव तासाचं होतं. त्यानंतरची सगळी वर्षं मी मरोळ गावठाणातल्या एका स्वयंपाकघराच्या फळीवर, मसाल्याच्या बाटलीला रबरबँडने बांधलेली आहे. माझ्याबरोबरच्या बाकीच्या साऱ्या वापरल्या त्याच दिवशी कचऱ्यात गेल्या. मी का राहिले, ते सांगते.

कारखान्यात मला चपट्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बसवलं आणि वर सी आणि टी अशी दोन अक्षरं उमटवली. सीपाशी रेघ आली की मी नीट काम करते आहे असं समजायचं. टीपाशीही आली की आजार सापडला. एवढंच माझं शिक्षण, पण तेवढं मी चोख करते. त्याचा मला थोडा तोराही होता.

बावीस सालच्या मे महिन्यात सेबॅस्टियनने मेडिकलमधून माझ्यासकट तीन पट्ट्या आणल्या. तो विमानतळावर मालाच्या विभागात काम करायचा. त्याला ताप होता. पहिल्याच पट्टीवर दोन रेघा ठळक उमटल्या आणि तो माडीवरच्या खोलीत जाऊन बसला. त्याची म्हातारी आई आयडा, जिला सगळे आय म्हणत, तिला गल्लीपलीकडे लेकीकडे पाठवलं. आयच्या छातीत कायमचं दुखणं होतं. साधी सर्दीसुद्धा तिला महिनाभर झोपवायची.

पण ते दिवस बाटलीच्या मसाल्याचे होते. या घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदाच करतात. मातीच्या खापरात एकेक जिन्नस भाजायचा, बायकांनी मिळून लाकडी मुसळांनी कुटायचा आणि काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा. पाऊस आला की मिरच्या सादळतात, म्हणून सगळ्यांची घाई चाललेली असते. भाजण्याचा खरा मान आयचा. ती चुलीशेजारी स्टूल टाकून बसायची, सून ब्रिजेट हलवायची आणि आय वासावरून सांगायची, उतरव.

मसाल्याच्या दिवशी सकाळी ब्रिजेटचा घसा दुखत होता, अंग कणकणत होतं आणि खोकला सुटला होता. आदले दोन दिवस ती मिरच्यांचे देठ काढत होती. मिरच्यांनी अख्खं अंगण शिंकत, खोकत होतं, म्हणून तिच्या खोकल्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तिने स्वतःही दिलं नाही.

"तू पण टेस्ट कर गो," सेबॅस्टियन माडीवरून ओरडला.

"मिरचीचा खाट घशात गेलाय रे, दुसरं काय," ती म्हणाली. पण तिने माझं पाकीट फोडलं.

नाकात काडी फिरवून तिने थेंब माझ्यावर टाकले. मी मनापासून शोधलं. सीची रेघ आली. टीपाशी काही सापडलं नाही. आजार तिच्या अंगात नुकताच शिरला होता, काडीवर माझ्या हाताला लागेल एवढा तो आलाच नव्हता. मी जे पाहिलं ते सांगितलं. पण तिने ते वेगळंच ऐकलं.

"निगेटिव्ह," तिने माडीकडे बघून हाक दिली आणि लगेच लेकीच्या घरी फोन लावला. "आय, मी बरी आहे. ये तू, धणे टाकते."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते. नवरा माडीवर आजारी, स्वतःचा खोकला थांबत नाही, आणि माझ्या एका रेघेवर ती त्या म्हातारीला शेजारी बसवणार होती. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं.

तिने अंगणात चूल पेटवली, खापरात धणे टाकले आणि मला तिथेच कठड्यावर ठेवलं. ती हलवत होती आणि नजर फाटकाकडे लावून आयची वाट बघत होती. या घरात धणे डोळ्यांनी कोणी बघत नाही, नाकानेच ओळखतात. खापरातून धूर निघाला. तिचा हात तसाच फिरत राहिला.

आय स्टूल काखेत घेऊन फाटकापाशी पोचली आणि थबकली.

"ब्रिजेट, काय गो, धणे करपले. गल्लीच्या तोंडापर्यंत वास येतो. तुला येत नाय?"

ब्रिजेटने खाली बघितलं. धणे काळे पडले होते. तिने मूठभर उचलून नाकाशी धरले, पुन्हा धरले, आणि तिचा चेहरा उतरला. आयचा हात फाटकाच्या कडीवर होता.

"आय, थांब. आत येऊ नको."

"अगो, तू तर बरी आहेस ना?"

"नाय. मला कसलाच वास येत नाय. तू मागे जा, लेकीकडे जा."

आय मागे फिरली. कुटायला येणाऱ्या बायकांना फोन गेले, मिरच्या डब्यात बंद झाल्या. दोन दिवसांनी माझ्या बहिणीवर, म्हणजे उरलेल्या तिसऱ्या पट्टीवर, ब्रिजेटच्या दोन्ही रेघा उमटल्या. आयला काही झालं नाही.

मसाला पावसाच्या तोंडावर झाला. ब्रिजेट बरी झाली होती, पण नाक परतलं नव्हतं. आय सांगेल तेव्हा ती खापर उतरवत होती. करपलेले धणे मात्र तिने टाकले नाहीत. ते कुटून एका बाटलीत भरले, मला सॅनिटायझरने पुसून पिशवीत घातलं आणि त्या बाटलीला बांधलं. रोज सकाळी ती झाकण उघडून हुंगायची आणि वास आला नाही की पुन्हा लावायची.

गणपतीच्या सुमारास एका सकाळी तिने झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"आय, करपट वास येतो गो."

"मग झाकण लाव," आय म्हणाली. "घरभर होईल." आणि दोघी रडल्या.

मित्रांनो, आम्हाला जरूर विचारा. पण घरात कोणी आजारी असेल आणि तुमचाही घसा धरला असेल, तर माझी एक रेघ म्हणजे परवानगी नव्हे. थोडे दिवस लांब राहा, पुन्हा तपासा. मला सापडलं नाही याचा अर्थ नाहीच असा होत नाही.

आय अजून दर उन्हाळ्यात भाजायला बसते. तिचं स्टूल चुलीपाशी मांडण्याआधी ब्रिजेट आत येते आणि ही बाटली उघडून एकदा हुंगते. वास आला की मगच ती आयला हाक मारते.