भंगाराच्या काट्यावरून परत

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि जुना म्हणवून घ्यायची मला अजिबात लाज वाटत नाही. चिखलीत मारुतरावांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लेथवर पिना बनतात आणि टेम्पोने चाकणच्या कंपनीत जातात. प्रत्येक मालाच्या मापांचा रिपोर्ट मी काढतो, मगच टेम्पो हलतो. रिपोर्ट नसेल तर माल गेटवरूनच परत येतो. आता सांगा, मी काय शोभेला बसलोय?

नऊ वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! धूळ बसू नये म्हणून मारुतरावांनी मला आवरण शिवून घेतलं. माझ्यासमोरची खुर्ची त्यांच्या सुनेची, उत्कर्षाची. सून वर्कशॉपात बसणार म्हणून भावकीत कुजबुज झाली होती. तिने कामच इतकं चोख केलं की सगळ्यांची तोंडं बंद झाली.

यंदा मात्र माझ्याच पडद्यावर सूचना झळकली. ऑक्टोबरनंतर माझ्यातल्या प्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, देखभाल बंद, आणि नवी प्रणाली माझ्यावर चालणार नाही. जिला नऊ वर्षं अंगाखांद्यावर वागवलं, तिनेच मला नालायक ठरवावं! मला रडू आलं नाही, मित्रांनो. मला राग आला.

मारुतराव सुनेला म्हणाले, "दुकानदार म्हणतोय ह्यो गेला. नवा आत्ता जमायचा न्हाई. रिपोर्ट भाईरनं करून आणू. तू आता घरचं बघ."

म्हणजे माझ्याबरोबर तिची खुर्चीही जाणार होती. त्या दिवशी उत्कर्षाने माझ्या कळा फारच जोरात दाबल्या.

खंडेनवमीच्या आधी वर्कशॉप झाडूनपुसून भंगार काढतात. कुदळवाडीच्या भंगारवाल्या परवीनभाभी काटा घेऊन आल्या. मोडकी ड्रिल आणि गंजक्या सळ्या तोलून झाल्या, आणि काट्यावर मला बसवलं. लेथ बघत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

परवीनभाभींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चालतो का हा?"

"चालतो की!" उत्कर्षा म्हणाली. "पण ती प्रणालीवाली कंपनी म्हणते..."

"तिला काय विचारता? भंगार ती ओळखते का मी? माझ्या गोदामातला याच्याहून म्हातारा आहे, लिनक्सवर पळतो." त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह काढला. "आतलं काही न पुसता आधी चालवून बघू."

ही लिनक्स प्रणाली जगभरच्या माणसांनी मिळून घडवलेली आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी.

मारुतराव ताडकन म्हणाले, "टेम्पो भरून उभा हाय. त्येचा कागद निघाला तर ह्यो ऱ्हाईल. न्हाईतर काट्यावर."

"निघेल, आण्णा," उत्कर्षा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

मी सुरू झालो. काय हलकं वाटलं! रिपोर्ट उघडला, पण तक्त्याचे रकाने सरकले होते. उत्कर्षाने ते एकेक करून जागेवर आणले. मग प्रिंटर रुसला. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. परवीनभाभींनी यादीतून प्रिंटरचं नाव शोधून दिलं आणि कागद सरसरत बाहेर आला. मारुतरावांनी चष्मा लावून मापं तपासली, सही ठोकली आणि टेम्पो गेला.

"काटा उचला, भाभी," एवढंच म्हणाले ते.

त्याच आठवड्यात लिनक्स माझ्यात कायमची आली आणि जुनी प्रणाली गेली. माझ्या अंगावरचं तिचं स्टिकर उत्कर्षाने नखाने खरवडून काढलं. तिथे एक फिकट चौकोन उरला. खंडेनवमीला लेथला हार घातल्यावर मारुतराव माझ्याकडे वळले आणि त्यांनी त्या चौकोनावरच कुंकू लावलं. मग हळदीकुंकवाचं ताट सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "तुझ्या खुर्चीलाबी लाव."

मित्रांनो, चालत्या वस्तूला कुणी भंगार म्हणालं, तर तिला काट्यावर चढवण्याआधी एकदा चालू करून बघा. आणि माझी खबर हवी असेल, तर चिखलीला या. मी कामावर आहे.