हळू उमटणारा 'क'

२००३ सालची गोष्ट. तेव्हा जालन्यात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जात असत. बेबीनंदा आणि तिचा थोरला भाऊ सर्जेराव यांनी मुलांना अक्षरं शिकवणारा एक प्रोग्राम केला होता. सीडीवरून तो पन्नासेक शाळांत पोचला होता.

नवी सीडी काढायच्या वेळी वाद झाला. पडद्यावर अक्षर काढायचे दोन कोड होते, एक नव्या ग्राफिक्स कार्डांसाठी, एक जुन्यांसाठी. दरवेळी दोन्ही तपासावे लागत. जुनं कार्ड आता फक्त वाटूर गावच्या शाळेत उरलं होतं.

"जुना टाक काढून," सर्जेराव म्हणाला. "एका वाटूरच्या शाळेपायी किती दिवस डबल काम करून राह्यलीस?"

"मंग तिथं पडदा काळाच राहील, दादा."

"राहू दे. तसा तरी तुझा जुना कोड काय काढतोय? त्याच्यापेक्षा गोगलगाय बरी!"

तिला ते लागलं, कारण खरं होतं. जुना कोड ठिपका ठिपका जोडत अक्षर काढी. तो संथपणा आपलाच दोष, असं ती धरून चालली होती. पण वाटूरच्या उषाबाईंनीच तिला पहिलीत हात धरून गिरवायला शिकवलेलं. जुना कोड बंद करतोय, हे त्यांना पत्रातून कळवणं जिवावर आलं. सकाळच्या जीपने ती निघाली.

वर्गात पोरं पाट्या घेऊन बसली होती. बाईंनी बटण दाबलं. 'क' उमटू लागला. आधी पोटाची गोलाई, मग दांडी, मग शेपूट, शेवटी डोक्यावरची रेघ. त्याच्याबरोबर पेन्सिली फिरत होत्या. पडद्यावरचा आणि पाट्यांवरचा 'क' एकदमच पुरा झाला.

"परतूरच्या एका शाळेत नवा कॉम्प्युटर पाहून आल्ते," बाई म्हणाल्या. "तिथं अक्षर खटकन येतं. पोरं नुसती बघत बसतात. तुझं हे बराबर माझ्या हातासारखं चालतं. मुद्दाम केलंस ना, बेबे?"

"न्हाई बाई. चुकून झालं."

"पहिलीत 'ळ'पण तू चुकूनच बराबर काढायचीस," बाई हसल्या. "आता हे मोडू नको बिलकुल."

संध्याकाळी सर्जेरावने विचारलं, "मंग? काय ठरलं?"

"जुना राहील. अन् नव्यालापण हळू काढायला शिकवायचं."

"म्हणजे काम डबलच."

"तिप्पट, दादा."

तो कपाळाला हात लावून उठला. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर फडक्याने पुसून त्याने टेबलावर मांडला.

"बघू दे तुझी गोगलगाय."

'क' उमटू लागला, तसं त्याचं बोट नकळत टेबलावर गिरवू लागलं.