लंकाबाईची चुंबळ

"माय मदर इन्व्हेंटेड धिस," असं म्हणून पुष्पावतीने चुंबळ उंच धरली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून लंकाबाईंनीही वाजवल्या. इंग्रजीतलं हे एवढं एक वाक्य त्यांना पाठ होतं. लेक जया आठवडाभर घरात तेच घोकत होती.

पाथर्डीकडच्या त्या शाळेत शिक्षण परिषद होती. आसपासच्या शाळांचे शिक्षक जमायचे, कुणीतरी नमुना पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी चहा पीत त्यातल्या चुका काढायच्या, अशी रीत. या वेळचा पाठ जयाचा होता. पण ऐन वेळी तिचा घसा असा बसला, की हाकसुद्धा फुटेना. तेव्हा एका डब्यात जेवणारी तिची मैत्रीण पुष्पावती म्हणाली, "मी घेते ना. तुझं नाव सांगेन, शेवटी आईंना स्टेजवर बोलावू." जयाने पाठ दिला, चुंबळ दिली आणि आईला काही न सांगता नवं लुगडं नेसवून आणलं.

पुस्तकात 'इन्व्हेंट'साठी विजेच्या दिव्याचं वाक्य होतं. पोरांनी ते पाठ केलं आणि विसरून गेली. मग जयाने वर्गात सांगितलं, आधीपासून होतं ते सापडलं तर डिस्कव्हर, नव्हतंच ते घडवलं तर इन्व्हेंट. आणि पोरांपुढे आईची चुंबळ ठेवली. लंकाबाई ऊसतोडीला जायच्या. मोळी घेऊन ट्रकची फळी चढताना डोक्यावरची चुंबळ, मोळीखालचं ते फडक्याचं वेटोळं, सरकायची. एक सोबतीण मोळीसकट खाली आली, ती पुन्हा कामाला उभी राहिली नाही. त्यानंतर लंकाबाईंनी चुंबळीला चाकाच्या जुन्या ट्यूबचा पट्टा शिवला, हनुवटीखालून घ्यायचा. पुढच्या हंगामात टोळीतल्या सगळ्या बायकांच्या डोक्यावर तीच चुंबळ होती. कौतुक कुणी केलं नाही. उसाच्या फडात तेवढा वेळ कुणाला असतो?

पाठ संपताच पहिल्या रांगेतले शिक्षण खात्याचे साहेब उभे राहिले. "मॅडम, म्हणजे तुमच्या आई ऊस तोडायच्या?"

पुष्पावतीने मागच्या रांगेकडे पाहिलं. जयाशी नजरानजर झाली. मग पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, "हो सर. आईच्या कष्टांवरच शिकले."

हिच्या आईने उभ्या जन्मात पाण्याची कळशी डोक्यावर घेतली नव्हती! बागायती घर, दारात गडीमाणसं. जया ताडकन उठली, "खोटं आहे" म्हणाली, पण तोंडातून नुसती हवा आली. पुढच्या एका सरांनी वळून तिला बसायची खूण केली. मैत्रिणीने केसाने गळा कापला होता आणि जयाला ओरडताही येत नव्हतं.

पुष्पावतीला शाल मिळाली, नारळ मिळाला. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडही झाली.

"त्या बाईची आई पन तोडीला जायची व्हय गं?" लंकाबाई हळहळल्या. "बिचारी. आन् चुंबळ पन आशीच केली व्हती?"

जयाने मान खाली घातली.

सगळे चहाकडे पांगले तशा लंकाबाई चुंबळ ठेवलेल्या टेबलाजवळ गेल्या. त्यांनी हात पुढे केला तर शिपाई म्हणाला, "आजी, हात लावू नका. प्रदर्शनाला जायची हाय ती."

"न्हाई लावत, बाबा." त्यांनी हात मागे घेतला, पण वाकून पाहिलं. पट्ट्याला हिरव्या दोऱ्याचे जाड टाके होते. "जये, ही तर माझीच हाय. मंग ती तिच्या आईची का म्हनली?"

तेवढ्यात पुष्पावती लगबगीने आली. "जया, अगं साहेबांनी एकदम विचारलं. सगळे इतके भारावले होते, मध्येच कसं मोडायचं? प्रदर्शनात सांगू ना खरं."

लंकाबाईंनी तिच्या अंगावरच्या शालीकडे पाहिलं. "तुजी आई जित्ती हाय ना, बाई?"

"हो."

"मंग आपली आसताना दुसरीची आई कशापायी घेतलीस?"

लंकाबाईंनी चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली आणि पट्टा हनुवटीखाली घेतला. शिपायाने अडवलं नाही. त्या दाराकडे चालू लागल्या, मागोमाग जया.

"आई, थांबा ना," पुष्पावती हाका मारत राहिली.

डोक्यावर मोळी असताना मागे वळायचं नसतं, तोल जातो. आज मोळी नव्हती, तरी लंकाबाई वळल्या नाहीत. सरळ मानेने पायऱ्या उतरून त्या उन्हात गेल्या.